धाकट्या भावास, पडद्यावरची शेती सुरू करण्यापूर्वी

माझ्या एकुलत्या एका, आणि तरीही जरा जास्तच झालेल्या भावास, म्हणजे चि. ठोंब्यास, ताईचे आशीर्वाद. (मोठ्यांनी द्यायचे असतात म्हणून देते. ते मिळावेत असं अलीकडे तू काही केल्याचं ऐकिवात नाही.) तुझी पाठ कशी आहे? भावजयीचा खोकला गेला का? तुझ्या औषधांच्या दुकानात खोकल्याच्या अकरा बाटल्या ओळीने मांडलेल्या मी स्वतः पाहिल्या आहेत आणि बायको दोन महिने खोकते आहे. लोक कोणत्या भरवशावर तुझ्याकडून औषध नेतात, देव जाणे. आमच्याकडे सगळं ठीक. हे नेहमीसारखेच आहेत, म्हणजे खुर्चीत आहेत.

तुझा निरोप पोचला. 'ताई, तो शेतीचा खेळ मीही सुरू केलाय, पहिल्याच दिवशी शेतात बेशुद्ध पडलो, नवशिक्याला चार गोष्टी सांग.' वय वर्षं एकोणसाठ! अरे, या वयात माणसं नातवंडांना गोष्टी सांगतात. असो. फोनवरच सांगितलं असतं, पण मी बोलायला लागले की तू 'हं, हं' करत गिऱ्हाइकाला गोळ्या मोजून देतोस, आणि लिहून पाठवलं तर उत्तरादाखल नुसता अंगठा दाखवतोस. म्हणून कागद घेतला. समोरच्या घरातले फोटोग्राफर उद्या सकाळी तुझ्या शहरात एका लग्नाचे फोटो काढायला निघताहेत, त्यांच्या हाती हे पत्र देते आहे. त्यांना चहा विचार. फार वेळ बसवू नकोस, ते उजेडाबद्दल बोलायला लागतात.

तर खेळ. एकतीस वर्षं मी बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत काढली हे तुला ठाऊक आहे. ओल्या कागदावर शंभर दाणे मांडायचे, आठ दिवसांनी उगवलेले मोजायचे, न उगवलेल्यांची कारणं लिहायची. त्या बाईला या वयात असा खेळ खेळावा लागतो आहे, ज्यात दाणा टाकला की तो उगवतोच! शंभरातले शंभर. शंभर टक्के उगवण मी नोकरीत एकदाच पाहिली, आणि त्या गृहस्थाने तो आकडा घरी बसून लिहिला होता. (त्याची मी गोदामात बदली करवली. तिथे उंदीर मोजतानाही तो शंभरच लिहायचा.) मुळा चार दिवसांत तयार. भोपळा तेरा दिवसांत. जमीन कसली आहे, पाणी धरते की सोडते, कोणी विचारत नाही. कीड नाही, बुरशी नाही. दगड मात्र रोज सकाळी ताजे. काल साफ केलेल्या जागी आज धोंडा बसलेला असतो, पाहुण्यासारखा. आणि गावातली माणसं! एक लोहार, एक डॉक्टर, एक ग्रंथपाल बाई, एक दाढीवाला कोळी. प्रत्येकाला दोनच वाक्यं येतात आणि ती आलटून पालटून ऐकवतात. (मला त्याचं विशेष वाटलं नाही. आमच्या कार्यालयात साहेबांना एकच यायचं.)

हे खूळ माझ्या घरात शिरलं कसं, तेही सांगते. तुझ्या भाचीने गेल्या वर्षी जे केलं ते तुला माहीत आहे, पण त्या वेळी 'दोघींचंही बरोबर आहे' असं म्हणून तू सटकलास, तेव्हा पुन्हा ऐक. संख्याशास्त्रात पहिली आलेली पोरगी. विमा कंपनीत टेबल, खुर्ची, खिडकी, सगळं असलेली नोकरी. ती सोडून बाईसाहेबांनी दुसऱ्या शहरात जाऊन सायकल दुरुस्तीचं दुकान काढलं. पंक्चर काढते. मी म्हटलं, जायचं तर खुशाल जा, पण मग परत येऊ नकोस. माझा अंदाज होता की ती जाणार नाही. ती गेली. सात महिने फोन नाही. मी केला नाही कारण मी मोठी आहे, आणि तिने केला नाही कारण ती माझ्यावर गेली आहे.

या सात महिन्यांत मी घरातल्या सगळ्या गोष्टी दुरुस्त करून संपवल्या. मग ह्यांना दुरुस्त करायला घेतलं. तेव्हा एके दिवशी दुपारी ह्यांनी माझ्यापुढे तो पाटीसारखा पडदा आणून ठेवला आणि म्हणाले, "हा खेळ बघ. यात चुका फार आहेत, तुला आवडेल." चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने केलेलं हे एकमेव हुशारीचं वाक्य. मी बसले. पहिल्याच सकाळी चौदा झाडं तोडली, बावीस दगड फोडले आणि तुझ्यासारखीच आडवी झाले. (तेव्हा पहिली गोष्ट लिहून घे. कोपऱ्यात एक उभी पट्टी असते, ती म्हणजे अंगातली ताकद. ती निम्मी झाली की कुऱ्हाड खाली ठेवायची आणि काहीतरी खायचं. पट्टी डोळ्यांसमोर दिसत असूनही आपण दोघं कोसळलो. आपल्या घराण्यात हे आहेच.)

शुद्धीवर आले तर मी माझ्या झोपडीत, आणि बाहेर शेतात दुसरंच एक बुटकं माणूस. पिवळी टोपी, हातात झारी, माझ्या वाफ्याला पाणी घालतंय. मी म्हटलं, हा कोण चोर? तेवढ्यात त्याच्या डोक्यावर अक्षरं उमटली : 'आई, आधी खाऊन घे. मग झाडं तोड.'

मी एका बोटाने एकेक अक्षर शोधत लिहिलं, 'मुळा इतका दाट पेरतात का?' तिकडून उत्तर आलं, 'खेळात चालतं.' मी लिहिलं, 'खेळातसुद्धा चालू नये.' अशा रीतीने सात महिन्यांनी आमचं बोलणं सुरू झालं. आतल्या खोलीत हे उगीचच खाकरले. सगळा कट बापलेकीचा होता, हे मला तेव्हाच कळलं. मी कळलं नाही असं दाखवलं. अजून दाखवते आहे.

इथे दुसरी गोष्ट लिहून घे. शेत दोघांचं असेल तर दोघं अंथरुणावर पडल्याशिवाय तिथला दिवस संपत नाही. एकाने झोपायचं आणि दुसऱ्याने गावभर हिंडायचं, असं चालत नाही. (हा एक नियम मात्र ज्याने केला त्याला संसार केलेला दिसतो.) तिचं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं, म्हणून आमची शेती दुपारची. ती दुकानातल्या स्टुलावर, मी इथे जेवणाच्या टेबलापाशी. फोन अजूनही नाही. सायकलींचा विषय नाही, नोकरीचा नाही. फक्त लसूण, मुळा, भोपळा, कोंबड्या.

भोपळ्याचं प्रकरण सांगायला हवं, म्हणजे निदान तू तरी तसं करणार नाहीस. (करशील. पण मी सांगितलं नव्हतं असं म्हणू शकणार नाहीस.) खेळातला ऋतू अठ्ठावीस दिवसांचा. अठ्ठाविसावा दिवस मावळला की उभं पीक एका फटक्यात वाळून जातं. मी सतराव्या दिवशी छत्तीस भोपळे लावले. पिवळ्या टोपीने लिहिलं, 'आई, आता नको. तेरा दिवस लागतात, पोचणार नाहीत.' साधी बेरीज होती. पण बियाण्याच्या बाबतीत मला पंक्चर काढणारीने शिकवावं? मी लिहिलं, 'मला शिकवू नकोस.' तरी ती त्या छत्तीसच्या छत्तीस रोपांना रोज पाणी घालत राहिली, माझ्याबरोबर. नव्या ऋतूच्या पहिल्या सकाळी बाहेर आले तर छत्तीस काड्या. मी लिहिलं, 'तू पाणी कमी घातलंस.' खरं सांगते, लिहिलं आणि लगेच खोडावंसं वाटलं. पण त्यात खोडायची सोयच नाही. (ही तिसरी गोष्ट.) ती विळा घेऊन एका टोकापासून काड्या काढायला लागली. आम्ही दोन्ही टोकांनी काढत काढत मधे भेटलो.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं की काहीतरी द्यावं. माफी वगैरे मागण्याची आपल्याकडे पद्धत नाही, ती तू सुरू करू नकोस. पण खेळात एकमेकांना भेट देता येते. मी दिवसभर नदीवर बसून एक चांगला मोठा मासा धरला आणि तिच्या पुढ्यात जाऊन दिला. म्हणजे मी मासा देते आहे असं मला वाटत होतं. माझ्या हातात निवडलेला होता तो नदीतूनच निघालेला फाटका बूट. माझा पडद्यावरचा गडी डोक्यावर बूट धरून उभा राहिला. तिकडून आलं, 'आई, हा माझ्या मापाचा आहे.' तो बूट तिने आपल्या झोपडीत भिंतीवर टांगून ठेवला आहे. हातात काय आहे ते पाहिल्याशिवाय कोणाला काही देऊ नये, हे तुला दुकानदार म्हणून माहीत असायला हवं. तरीही लिहिते.

आणखी एक. आपला गडी दुसऱ्याच्या हाती पाच मिनिटंसुद्धा सोपवू नये. गेल्या महिन्यात दाताच्या डॉक्टरांकडे जायचं होतं म्हणून ह्यांना सांगितलं, फक्त कोंबड्यांना दाणा घाला आणि निजा. पाणीपुरवठा खात्यात अख्ख्या शहराच्या नळांचे नकाशे काढलेला माणूस, वाटलं एवढं जमेल. परत येऊन बघते तर कोंबड्या थंडीत बाहेर, खुराड्याचं दार बंद, आणि ह्यांनी माझ्या गड्याच्या हातून लोहाराला पुष्पगुच्छ दिलेला! का? तर 'तो एकटाच उभा होता, वाईट वाटलं.' त्या गावात पुष्पगुच्छ देणं म्हणजे लग्नाचं विचारणं. तेव्हापासून तो लोहार मला पाहिलं की थबकतो आणि म्हणतो, तू आलीस की भट्टी विझली तरी ऊब वाटते. चाळीस वर्षांत असं वाक्य मला या घरात कोणी ऐकवलेलं नाही, आणि ते मिळालं तेही लोहाराकडून, ह्यांच्या चुकीने. पोरगी तीन दिवस हसत होती. म्हणजे 'हा हा हा' असं लिहीत होती. हसताना ती मान मागे टाकते, ते काही त्यात दिसत नाही.

बाकीचं आता भराभर सांगते, कारण कागद संपत आला. पाणी घालता येईल तेवढंच पेर. पेरायच्या आधी बुजगावणं उभं कर, नाहीतर कावळे येतात (खेळातला तेवढाच खरा प्राणी). आधी खुराडं बांध, मग कोंबडी आण. तू उलटं करशील आणि कोंबडी विकणारीशी वाद घालशील. प्रत्येक कोंबडीला रोज एकदा गोंजारावं लागतं, नाहीतर ती रुसते आणि अंडं लहान घालते. पांढऱ्या कोंबडीला आधी, ती मानी आहे. लसूण उत्तरेच्या वाफ्यातच. शेतात गेल्या गेल्या 'आलीस का' वगैरे विचारू नये. एकदम 'काल विहिरीकडचा वाफा कोरडा का राहिला?' असं लिहावं. समोरून स्पष्टीकरण आलं की 'कारणं नकोत' असं लिहावं. उद्गारचिन्ह घालू नये. हसरे चेहरे तर मुळीच घालू नयेत. चारला दहा कमी असताना 'चल, नीज आता, तुझं दुकान उघडायचंय' असं लिहून आपण आधी जाऊन पडावं. आपण पडल्याशिवाय ती पडत नाही.

या खेळात शिकण्यासारखं काही नाही, वेळ जातो, डोळे जातात, आणि बियाण्याविषयी जन्मभराचे गैरसमज होतात. माझं ऐकशील तर आजच बंद कर. भावजयीला आशीर्वाद. तिला गरम पाणी दे, तुझ्या बाटल्या नकोत.

तुझी
ताई

ता. क. आता मुद्द्याचं. खेळ बंद करू नकोस. माझ्या गळ्याशी उजव्या बाजूला एक गाठ आली आहे, बोराएवढी. येत्या सोमवारी काढणार आणि तपासायला पाठवणार. डॉक्टर म्हणाले, 'बहुतेक काही नसेल.' 'बहुतेक' हा शब्द मी एकतीस वर्षांत एकाही अहवालात लिहू दिला नाही, आणि हा पोरगेला डॉक्टर तो मला तोंडावर ऐकवतो. नंतर आठ दिवस खाली मान घालून पडदा बघायचा नाही आणि बोलायचंही नाही म्हणे. ह्यांनी 'आठच?' असं विचारलं. विनोद म्हणून विचारलं, आणि मग बाहेर जाऊन बराच वेळ पाणी पीत उभे राहिले.

पोरीला हे कळता कामा नये. कळलं की ती दुकानाला कुलूप लावून येईल. नव्या दुकानाचं दार आठ दिवस बंद दिसलं की गिऱ्हाईक पुढच्या चौकात जातं, हे तुला सांगायला नको. (लांबून लांबून सायकली येतात म्हणे तिच्याकडे. हे सांगत होते. मी विचारलं नव्हतं.) तेव्हा सोमवारपासून रोज दुपारी एकला माझ्या नावाने तू शेतात जा. लागणारं नाव आणि परवलीचा शब्द कागदाच्या मागे लिहिला आहे. वरचं सगळं एवढं सविस्तर लिहिलं ते तुझ्या शेतीसाठी नव्हे. तुझी शेती बुडो. मला तिथे मी हवी आहे. एकदाही 'छान' म्हणू नकोस, लगेच पकडला जाशील. रोज रागाव. माझ्या इतकं जमणार नाही, पण प्रयत्न कर.

ता. ता. क. सकाळचे साडेसात. फोटोग्राफर खाली गाडीत सामान भरताहेत, म्हणून घाईत लिहिते. आत्ता पंधरा मिनिटांपूर्वी दार वाजलं. उघडलं तर पोरगी. खांद्याला पिशवी, नखांत काळं वंगण, केस बसच्या खिडकीत विस्कटलेले. नमस्कार नाही, काही नाही.

"काय झालंय?" म्हणाली.

"काय व्हायचंय? दुकान कोण बघतंय?"

"आई, मंगळवारपासून तू मला एकदाही रागावली नाहीस. बुधवारी मी मुद्दाम लसणाला पाणी घातलं नाही. सगळा वाफा कोरडा. तू काय लिहिलंस आठवतंय? 'असू दे, उद्या घालू.' मी तेव्हाच ठरवलं."

गाठीचं मला मंगळवारी सकाळी कळलं होतं. लसणाचं मी तसं लिहिलं, हे मला आठवतसुद्धा नाही. ह्यांनी काही न विचारता स्वयंपाकघर गाठलं आणि साखर कुठे असते ते माहीत नसल्यामुळे डबे आपटायला लागले. मी म्हटलं, "घशाला जरा..." तर तिने पुढे होऊन सरळ माझ्या गळ्यावर हात ठेवला. चाकातला खिळा शोधावा तशी दोन बोटं फिरवली आणि नेमकी तिथेच थांबली. "हीच?" "हो." मग बोटं काढेचना. वंगणाचा डाग अजून माझ्या गळ्यावर आहे. धुतलेला नाही. घाई आहे म्हणून.

तेव्हा आता बदल लक्षात घे. तोतयेगिरी नको. तुला नाहीतरी ती झेपली नसती. ती सोमवारी माझ्याबरोबर इस्पितळात असणार. मी नको म्हटलं तर म्हणाली, "तू बोलू शकणार नाहीस ना, मग वाद कसा घालशील?" म्हणजे शेतात आम्ही दोघीही नाही. कोंबड्या तशाच राहणार, आणि दिवस मावळायला दोघं लागतात, म्हणून एक वाजता दुकानाचं शटर ओढून माझ्या जागी तू बस आणि पिवळ्या टोपीच्या जागी भावजयीला बसव. त्या टोपीचं नाव आणि परवलीचा शब्द पोरीने खाली तिच्या अक्षरात लिहिलाय, ते अक्षर वाचता आलं तर वाच. लोहार काही बोलला तर उत्तर देऊ नकोस.

गाठीचा निकाल चांगला आला तर मी स्वतः लिहून कळवीन. वाईट आला तरी मीच कळवीन. ह्यांच्यावर किंवा तुझ्यावर असली कामं सोपवायची म्हणजे झालंच.